हलव्याचा काटा

मुलीच्या पहिल्या संक्रांतीला आईने पुण्याहून फ्रँकफर्टला हलव्याचे दागिने पाठवले. मुकुट, हार, बाजूबंद, सगळं स्वतः केलेलं. बोरन्हाण झाल्यावर बाकीचे दागिने मुलांनी फस्त केले, हार मात्र मी काचेच्या पेटीत जपून ठेवला. घरी येणाऱ्या प्रत्येक जर्मन पाहुण्याला तो दाखवायचे. आमच्याकडे साखरेचे दागिने करतात, हे सांगताना कोण तोरा असायचा माझा!

शेजारच्या जर्मन आजी लेस विणतात. हार निरखून पाहत त्यांनी विचारलं, "तुम्ही केलात?"

"या, या," मी जर्मनमध्ये बेधडक हो म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात मला शिकवाल का, असं त्यांनी लगेच विचारलं. आता नाही कसं म्हणणार?

आईला फोनवर हे सांगितलं तर ती खळखळून हसली. "अगं, मग शीक की! कॅमेरा लाव, मी सांगते. थंडीत काटा छान येतो, आणि तुझ्याकडे थंडीला काय तोटा?"

"पुढच्या वीकेंडला नक्की," मी म्हटलं. त्यानंतर तिने तीनदा आठवण करून दिली. मला दर वेळी काहीतरी काम होतं. चौथ्यांदा तिने विचारलं नाही. दिवाळीच्या आधी ती गेली. इथे बिल्डिंगमध्ये मी कुणालाच सांगितलं नाही. जर्मनमध्ये ते वाक्य तोंडातून निघेना.

जानेवारीत तीळ घेऊन बसले. मंद आचेवर चमचा चमचा पाक घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, एवढंच लहानपणी पाहिलेलं. तीन दिवस खपले. तिळाचे गोळे झाले, काटा एकालाही आला नाही.

नवरा म्हणाला, "सोड ना. आपलीच संस्कृती आहे. अभिमान वाटायला करता यायलाच हवं असं थोडंच आहे?"

मला त्याचा भयंकर राग आला. इतकी वर्षं मीही हेच धरून चालले होते. बोटं आईची भाजत होती आणि मिरवत मी होते. लाज वाटली.

तेवढ्यात बेल वाजली. आजी आल्या होत्या, एप्रन घालून, हातात वही घेऊन. मी त्यांना गोळे दाखवले आणि खरं सांगून टाकलं. हार माझ्या आईने केलाय, मला येत नाही.

त्या जराही रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या, चष्मा लावला, वहीचं कोरं पान काढलं.

"आल्झो, मग लावा ना आईला फोन," त्या म्हणाल्या.