मिठाच्या ज्योतीतले चेहरे

नझीर सरांची आणि माझी पहिली ओळख पेणच्या कॉलेजातल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत झाली. खिडक्यांना काळे पडदे होते. सरांनी सोडियमचा दिवा लावला. तो तापला तसे वर्गातले सगळे चेहरे राखेसारखे झाले, ओठ काळे पडले. मुलं हसू लागली. मी मात्र बाहेर पळाले आणि पायऱ्यांवर कोसळले. थोड्याच दिवसांपूर्वी खाडीचा बांध फुटून मिठागरात काम करणारे माझे वडील बुडाले होते. त्यांना बाहेर काढलं तेव्हा चेहरा अगदी असाच होता.

मला बाहेरचं लागलंय, असं गावात बोललं जाऊ लागलं. काकांनी माझं कॉलेज बंद करायचं ठरवलं. मलाही ते खरं वाटत होतं. कुणाकडेही पाहिलं तरी मला ते काळे ओठ दिसत.

वर्गातल्या मुलींकडून हे सगळं कळल्यावर रविवारी दुपारी सर आमच्या घरी आले. त्यांच्या पिशवीत स्पिरिटचा दिवा होता. आईकडून त्यांनी चिमूटभर मीठ मागून घेतलं, दारं-खिडक्या लावायला सांगितल्या आणि मीठ चोळलेली वात पेटवली. त्या पिवळ्या ज्योतीभोवती आम्ही सगळेच मेलेले दिसत होतो. आईने पदर तोंडाशी धरला.

"माझाबी चेहरा तसाच दिसतो काय?" काकांनी हळूच विचारलं.

"व्हय. माझापण," सर म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. अणूतल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरच राहता येतं. मिठातल्या सोडियमचा इलेक्ट्रॉन ज्योतीत वर चढतो आणि खाली येताना त्या दोन पायऱ्यांमधल्या फरकाएवढाच उजेड देतो, तो हा पिवळा. त्यात लाल जवळजवळ नसतोच, म्हणून जिवंत ओठही काळे दिसतात.

"हिच्या वडिलांचा चेहरा मरणाने तसा झाला, वर्गातले दिव्याने," सर म्हणाले. "सारखे दिसले, म्हणून एक नाय होत."

त्यांनी दार उघडलं. आई कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काका म्हणाले, सोमवारी जाऊ दे तिला.

त्यानंतर दर वर्षी तो दिवा लावण्याआधी सर वर्गाला विचारत असत, कुणाच्या घरी अलीकडे कुणी गेलंय का. कुणी मान हलवली, तर त्याला ते स्वतःजवळ बसवत. आज रोह्याच्या कॉलेजात शिकवताना मीही तेच करते.

यंदा सर आमच्याकडे व्याख्यानाला आले होते. इलेक्ट्रॉनची कक्षा म्हणून त्यांनी गोल रेघ ओढली नाही. ओल्या फळ्यावर खडूची भुकटी फुंकली. मध्ये दाट, कडेला विरळ. दाट तिथे तो सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं, असं ते म्हणाले. एका मुलीने विचारलं, आपण बघण्याआधी तो नक्की कुठे असतो? सर त्या पांढऱ्या डागाकडे पाहत राहिले. पंखा फिरत होता, भुकटी हलत नव्हती.

"इतकी वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "मला ठाऊक नाय. वेगवेगळी उत्तरं देणारे आहेत. माझी कुणी खात्री पटवलेली नाय."

माझ्या अंगावर काटा आला.

पंचाहत्तरीतल्या आमच्या सरांची प्रकृती उत्तम राहो, नजर शाबूत राहो, आणि असं कबूल करणारा त्यांचा आवाज आम्हाला अजून पुष्कळ वर्षं ऐकायला मिळो.