पाचवं पाऊल

वह्या ठेवायची सवय मला एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यानंतर लागली. त्याआधी मी सगळं लक्षात ठेवायचे.

त्या उन्हाळ्यात अंबडला आमची पहिली मुलगी गेली. आठ महिन्यांची होती. सकाळी जुलाब सुरू झाले, दुपारपर्यंत रडत होती, मग गप्प झाली. मला वाटलं, बरं वाटून झोपली असेल. मी तेवढ्यात तिचे धुतलेले कपडे दोरीवर टाकून आले. तेवढाच वेळ.

दोन वर्षांनी दुसरी झाली. मी वही आणली. पाणी किती उकळलं, दूध किती वेळा घेतलं, ताप किती, पोलिओचा डोस कधी. सासूबाईंचा वहीवर भरवसा नव्हता. त्यांचा उपाय वेगळा होता. आधीचं मूल गेलेलं असेल तर पुढचं देवाच्या पायरीवर ठेवायचं. आईनं पाठ फिरवून सात पावलं चालायची. मग दुसरी बाई मूल उचलून आईच्या हाती देते. तिथून पुढं मूल देवाचं, आई फक्त सांभाळणारी.

"मागं वळून पाह्यचं न्हाई बरं का," जांब समर्थला जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी मला तीनदा बजावलं. "पाह्यलं म्हंजे देलंच न्हाई."

सव्वा महिन्याची पोर राममंदिराच्या पायरीवर ठेवली आणि मी निघाले. एक, दोन, तीन, चार. ती रडली असती तर मी वळले नसते. पण मागं एकदम शांत होतं. तशी शांतता मी एकदा ऐकली होती. पाचव्या पावलावर मी वळले. ती टक्क डोळे उघडे ठेवून वर बघत होती. सासूबाई पुढं होत्या, त्यांची पाठ माझ्याकडं होती. मी उरलेली दोन पावलं टाकली. "घे बाई, देवाची पोर," म्हणत एका अनोळखी बाईनं तिला माझ्या हातात दिलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. वहीतही लिहिलं नाही.

पण नंतरच्या प्रत्येक आजाराला ते पाचवं पाऊल आलं. गोवर आला, तेव्हा आलं. ती आंब्याच्या झाडावरून पडली, तेव्हा आलं. रोज संध्याकाळी मी दिवा लावायचे, हात जोडायचे, आणि वाटायचं, मी दिलेलंच नाही, तर मागू कुठल्या तोंडानं? म्हणून वही आणखी नेटानं लिहायचे. दुपारी ती झोपली की नाकाखाली बोट धरायचे. दहा वर्षांची असताना एकदा तिनं डोळे न उघडताच सांगितलं, "आई, मेले न्हाई मी अजून."

दहावीनंतर तिला जालन्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. रोज एसटीनं एकटीनं जायचं-यायचं. आदल्या दिवशी मी यादी करत बसले होते: पास, पाण्याची बाटली, शेजाऱ्यांचा फोन नंबर, चालकाच्या मागचंच सीट. शेवटी लिहिलं, पहिला महिना मी सोबत जाणार.

सासूबाई समोर मेथी निवडत होत्या. "काय लिहून राह्यलीस एवढं?"

मी वाचून दाखवलं.

"मंग कॉलेजात बी तूच बस. पोरगी ऱ्हाऊ दे घरी."

मला हसू आलं नाही. सोळा वर्षं दाबून ठेवलेलं ते एकदम तोंडातून बाहेर पडलं. "मी वळले होते, आत्याबाई. जांबला. पाचव्या पावलावर."

त्यांनी मेथीची काडी मोडली. "तुझ्या नवऱ्याच्या आधी माझे दोन गेल्ते. त्याला पायरीवर ठिवला तवा म्या तर दोनदा वळले."

"मग मला का बजावलंत?"

"मला माझ्या सासूनं बजावलं, म्हणून." निवडलेली मेथी बाजूला सारत म्हणाल्या, "तू वहीत मांडतीस म्हणून देव बी मांडत बसतो व्हय? त्यानं थोरली पोर घेतली तवाच घेतली. तू वळायची वाट न्हाई पाह्यली."

माझा नवरा पन्नाशीला आला होता. रोज सकाळी तक्रार करत दाढी करायचा. मी यादीतली शेवटची ओळ खोडली.

सकाळी स्टँडवर बस लागलेली होती. मुलगी आत चढली, खिडकीशी बसली. मी खाली उभी.

"आई, जाय ना आता. सगळ्या पोरी बघून राह्यल्यात."

"बाटली?"

"घेतली. जाय."

मी पाठ फिरवली. गर्दी होती, कंडक्टर ओरडत होता, तरी मला मागं फक्त शांतता ऐकू येत होती. तीच दुपार. दोरीवरचे ओले कपडे. चार पावलं झाली. पाचव्याला मान आपोआप वळायला लागली.

'तुझी आहे, देवा,' मी मनात म्हटलं. 'दोघीही.'

मागं इंजिन सुरू झालं. मी चालत राहिले.