चुलीतली कोंबडी

नारळाच्या सोडणांचा धूर नाकात गेला, की गुहागरकडचं ते काळोखं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येतं. ऐंशीच्या दशकात आमच्या संस्थेनं त्या गावात निर्धूर चुली बांधून दिल्या होत्या. त्यांचा खरंच उपयोग होतो का, हे बघायला मुंबईहून देणगीदार साहेब येणार होते. मी थोडी आधी पोचले, तर चुलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. "भाताचा टोप ऱ्हवत नाय गो ह्या चुलीवर," घरची बाई म्हणाली. तिचा भात मागल्या पडवीत तीन दगडांवर शिजत होता. मी ते कानाआड केलं, कोंबडीला हुसकावलं आणि चुलीत सोडणं पेटवली. साहेबांनी विचारलं, "रोज हिच्यावरच स्वयंपाक करता ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "व्हय तर, रोज," ती म्हणाली. अंडी तिनं पदरात पोटाशी धरली होती. साहेब खूश होऊन जीपकडे वळले, तशी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाय, आता इझवू काय? अंडी गार होतायत." हल्ली कुणी माझ्या समाजकार्याचं कौतुक करू लागलं, की माझी मान आपोआप खाली जाते. लोकांना तो विनय वाटतो.