आरपार गेलेली गोळी

रोह्याच्या गुरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा शेजारच्या धाटावला कारखाने आले नव्हते आणि शिकारबंदीचा कायदाही यायचा होता. जंगल खात्याचा परवाना काढून लोक सांबर मारत. मी पंचविशीचा होतो. गुरांची पोटफुगी, खुरकुत, अडलेल्या गाई यांतच माझे दिवस जात.

दवाखान्यात एक सुभेदार नेहमी येत. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे पेणकडचे, धरमतरच्या खाडीकाठचे. तिथली खारी जमीन भावांकडे सोडून त्यांनी रोह्याजवळ डोंगराखाली शेत घेतलं होतं. भात निघाल्यावर ते तिथे वाल लावत. त्या वर्षी वाल फुलावर आला आणि सांबरं रोज खाली उतरू लागली. अर्धं शेत त्यांनी बोडकं केलं.

एके सकाळी सुभेदार बैलाचा खांदा दाखवायला आले आणि मलम लावून झालं तरी बसून राहिले.

"डॉक्टर, सांबराचं काळीज नेमकं कुठं असतं?"

मी कागद घेतला आणि जनावर काढून दाखवलं. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या भागात. त्याच्याभोवती फुप्फुसं. त्यांनी खिशातून दोन काडतुसं काढून टेबलावर ठेवली. एकाच्या टोकाला शिसं उघडं होतं, दुसऱ्यावर टोकापर्यंत तांब्याचं आवरण.

"ही मऊ टोकाची. आत गेली की फुटून पसरते. जनावर जागेवर पडतं, पण मांस काळं होतं, खांदा वाया जातो. आणि ही कडक. सरळ आरपार जाते, मांस सगळं चांगलं राहतं. फुप्फुसातनं आरपार गेली तर मरेल ना?"

"फुप्फुसातून गेली तर मरणारच," मी म्हणालो.

किती वेळाने, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्या रविवारी पहाटे त्यांनी मला सोबत नेलं. वाट काढायला जवळच्या कातकरवाडीतला एक म्हातारा होता. जनावराचा माग त्याच्याइतका कुणालाच कळत नसे. उजाडता उजाडता आम्ही वालाच्या वरच्या बांधाला झुडपाआड बसलो. थोड्या वेळाने एक मोठा नर रानातून बाहेर आला. मान वर करून उभा राहिला. आमच्यापासून शंभर पावलांवर, पूर्ण आडवा.

सुभेदारांनी नेम घेतला. मी कागदावर खूण केली होती तिथेच गोळी लागली, हे मला आवाजासरशी कळलं. सांबराने अंग झटकलं, चावऱ्या माशीला झटकावं तसं. मग वळून ते रानात शिरलं.

"चुकली काय?" सुभेदार म्हणाले.

म्हातारा तिथपर्यंत गेला, वाकला, पानावरचं रक्त बोटाने उचललं. "नाय चुकली. लागली हाय. पण त्याला ती कळलीच नाय."

रक्त गुलाबी आणि फेसाळ होतं. मला त्याचा अर्थ ठाऊक होता. थोडं रक्त, मग बरंच अंतर काहीच नाही, मग पुन्हा एक थेंब. बारीक भोक लगेच मिटतं, रक्त आत साठत राहतं. चढ लागल्यावर सुभेदारांचा गुडघा धरला आणि ते बंदुकीसकट मागे राहिले. म्हातारा आणि मी पुढे गेलो. ऊन चांगलं वर आलं तेव्हा एका कोरड्या ओढ्यात ते सापडलं.

ते बसलं होतं. मान ताठ ठेवायचा प्रयत्न करत होतं. प्रत्येक श्वासाला नाकपुड्यांतून फेस येई.

"सुभेदारांना घेऊन येतो," म्हातारा म्हणाला. "तुमी हितंच थांबा. जवळ नका जाऊ, शिंग मारंल."

तो गेला आणि मी एकटा उरलो. त्या तालुक्यात जनावरांच्या दुखण्यावर माझ्याइतकं शिकलेला माणूस नव्हता. माझी पिशवी दवाखान्यात होती, आणि असती तरी तिच्यात यावर काही नव्हतं. सुरी म्हाताऱ्याच्या कमरेला होती. मी दगड उचलला, मग ठेवून दिला. सांबराने माझ्याकडे पाहिलं. उठायला गेलं, पुढचे गुडघे टेकले आणि पुन्हा बसलं. मी चार पावलं मागे सरलो, निदान त्याला उठावंसं वाटू नये म्हणून. तेवढंच मला करता आलं. अर्धा तास तरी गेला असेल. मी श्वास मोजत होतो, आणि ते कमी होत नव्हते.

सुभेदार लंगडत आले. या वेळी त्यांनी मऊ टोकाचं काडतूस भरलं. आवाज झाला आणि मान खाली गेली. पाय हलला नाही.

चिरफाड मीच केली, त्यांनी आग्रह केला म्हणून. पहिली गोळी दोन फासळ्यांमधून शिरून दोन फासळ्यांमधून निघाली होती. दोन्हीकडची भोकं पेन्सिलीएवढी. दुसरीने खांद्याच्या हाडाचा चुरा केला होता आणि वीतभर मांस जांभळं पडलं होतं. ती कातड्याखाली सापडली, अळंबीसारखी पसरलेली. सुभेदारांनी ती पुसून माझ्या हातावर ठेवली.

"बघा, कशी फुलली. पहिल्यांदाच ही घालायला पाहिजे होती."

"व्हय," म्हातारा म्हणाला आणि सुरी पाल्याने पुसत राहिला.

दुपारी वाटे झाले. वाडीतल्या घरांना मिळाले, माझ्या खोलीवरही एक आला. शेजारच्या मावशींनी तो शिजवून दिला आणि मी जेवलो. मांस मऊ शिजलं होतं.

संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी पोचली ती एका गोळीत पाडलेल्या सांबराची. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात म्हैस घेऊन आलेल्या एकाने मला विचारलं, "तुमी होतात ना? एकाच गोळीत?"

सुभेदार बाहेर ओट्यावर बसले होते. मी हो म्हणालो आणि म्हशीची कास तपासायला खाली बसलो.