हिरव्या पट्ट्या आणि ग्वेंडाचं मागचं दार

“आमचं बरं चाललंय. ज्याला जास्त नड आहे, त्याला द्या.”

हे ग्वेंडा प्रिस्कचं वाक्य. चाळीस वर्षं मी ते ऐकत आलो. कुणी अंडी दिली, कुणी लोकरीचं पांघरूण दिलं, ख्रिसमसच्या सोडतीत तिच्याच नावावर हॅम निघाला, तरी तिचं हेच. वस्तू परत देणाऱ्याच्या हातात ठेवायची आणि वर हे वाक्य ठेवायचं. आमच्या बिंडारी गावच्या पबमध्ये आम्ही तिची नक्कल करायचो. ताटलीतला शेवटचा बटाट्याचा काप कुणी पुढे सरकवला की समोरचा छातीवर हात ठेवून म्हणायचा, “आमचं बरं चाललंय,” आणि सगळे हसायचे.

ती स्वतः द्यायची, तेव्हा मात्र विचारायची नाही. माझी बायको नेल आजारी होती, त्या हिवाळ्यात दर मंगळवारी सकाळी आमच्या मागच्या जाळीच्या दाराचा खडखडाट व्हायचा. हाक नाही, दारावर टकटक नाही. सरळ आत येऊन ग्वेंडा नेलच्या पलंगाशी खुर्ची ओढायची आणि मला म्हणायची, “नॉर्म, ऊठ. कुंपण बघून ये. मेंढ्यांना तुझ्या दुःखाचं काही पडलेलं नाही.” मी जायचो. कुंपणाला काही झालेलं नसायचं. तारेवर हात ठेवून उभा राहायचो, वारा अंगावर घ्यायचो आणि परत यायचो. असे अकरा मंगळवार. बाराव्या मंगळवारी नेल नव्हती, तरी ग्वेंडा आली, आणि भांडी घासून गेली.

तिचा नवरा क्लेम माझा कुंपणाचा जोडीदार. तारा ओढाव्यात तर त्यानं. नेल गेल्यावर सहा वर्षांनी, मार्च महिन्यात, खांब रोवता रोवताच त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, “बरं.” भूक लागली तरी “बरं”, दुखलं तरी “बरं”, नको असलं तरी “बरं”. कोणतं “बरं” कशाचं, हे फक्त ग्वेंडाला कळायचं. पातळ पाणी प्यायला की त्याला ठसका लागायचा, आणि एकटा सोडला की तो उठायला जाऊन पडायचा. म्हणून ग्वेंडा त्याला सोडत नव्हती. दुकानात धावत जायची, धावत यायची, तेवढंच.

वर्षभरानं हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जून-जुलैत, शहराकडून पट्ट्यांची लाट आली. मनगटात घालायच्या रबरी पट्ट्या. पांढरी गरिबीविरुद्ध, पिवळी कॅन्सरसाठी, निळी कशासाठी ते कुणालाच आठवत नव्हतं. शाळेतली पोरं कोपरापर्यंत चढवून फिरायची आणि एका लालला दोन निळ्या असा सौदा करायची. आमच्या फुटबॉल क्लबची टॅमिन रस्क औषधाच्या दुकानात बसायची. मुलगी मनानं चांगली, हातानं चपळ. तिनं हिरव्या पट्ट्या मागवल्या, त्यावर अक्षरं उठवलेली: ‘क्लेमच्या पाठीशी’. आठवड्याभरात गावात एक मनगट मोकळं राहिलं नाही. जन्मात क्लेमविषयी बरा शब्द न काढलेल्या डेसीनं दोन घातल्या. मीही घातली, खोटं कशाला बोलू. मनगटावरचे केस उपटायची, पण काढवत नव्हती. गव्हाच्या कोठाराशी वजनकाट्यावर ट्रकवाल्यांनी हात बाहेर काढला की हिरवी पट्टी दिसायची, आणि वाटायचं, काय गाव आहे आपलं! पुढं तरुण पोरांना हिरव्याचा कंटाळा आला, तेव्हा टॅमिननं लष्करी ठिपक्यांची दुसरी खेप मागवली.

क्लेमलाही एक घातली होती, त्याच्या लुळ्या हातात. तो हात सुजला तशी ती मांसात रुतली. ग्वेंडानं शिवणाच्या कात्रीनं कापून काढली. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पट्ट्यांच्या पैशातून क्लेमसाठी खुर्ची आली. बटण दाबलं की उठवणारी, बटण दाबलं की पाय वर घेणारी, बैलाएवढी चामड्याची खुर्ची. ऑगस्टमध्ये सामन्याच्या मध्यंतरात, मैदानाच्या मधोमध ती दिली. क्लेमला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. ग्वेंडाच्या हातात माईक दिला, तर ती म्हणाली, “आमचं बरं चाललंय. ज्याला जास्त नड आहे, त्याला द्या.” मैदान हसलं, टाळ्या पडल्या, गाड्यांचे भोंगे वाजले. तिनं माईक खाली केला आणि क्लेमच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

क्लबच्या पोरांनी खुर्ची दोन तुकड्यांत मागच्या दारानं आत नेली आणि आत जोडली. जोडल्यावर ती आतल्या दारातून पुढं जाईना. तिची वायर जिथं पोचत होती तिथंच, मागच्या खोलीत, चुलीजवळ तिनं ठाण मांडलं. माप कुणीच घेतलं नव्हतं. मागचं दार आत उघडायचं. आता ते खुर्चीच्या डाव्या बाजूला अडून चार बोटं उघडायचं, पुढं नाही. पोरं म्हणाली, “पुढचं दार आहे की, ग्वेंडा.” आणि गेली.

आमच्याकडे पुढच्या दारानं येतात ते पोलीस, पाद्री आणि विमा विकणारे. बाकी सगळं जग मागून येतं. मागचं दार बंद झालं तशी येणारी माणसं पुढच्या व्हरांड्यावर येऊन थांबू लागली. ग्वेंडानं तिथं बर्फाची पेटी ठेवली होती. तिच्यात शिजवलेल्या मटणाचं भांडं ठेवायचं, झाकण हळूच लावायचं आणि बूट न वाजवता निघायचं. दमलेल्या बाईला उठवायला नको, बोलायला लावायला नको, ही आमची रीत आणि हा आमचा अभिमान. त्या घरात मटणाला तोटा नव्हता. माणूस मात्र दोन महिन्यांत एकही आत गेलं नाही.

मग तळ्यात पाणी आलं.

आमचं तळं म्हणजे एरवी पांढऱ्या मिठाची परात. आमच्यावर पाऊस पडलाच नव्हता; पार उत्तरेत पडला, आणि तीन आठवडे कोरड्या ओढ्यातून चालत चालत पाणी आमच्याकडे आलं, वाट विचारत येणाऱ्या पाहुण्यासारखं. बारा वर्षांनी आलं. त्याच्या मागोमाग पेलिकन आले. ते एवढ्या लांबून पाण्याचा वास कसा घेतात, देव जाणे. सगळं गाव मुलंबाळं, खुर्च्या, सॉसेज घेऊन तळ्यावर. आणि तळ्याचा रस्ता ग्वेंडाच्या मागच्या खिडकीवरून जातो. लोक भोंगे वाजवत, हिरवे हात बाहेर काढून हलवत जायचे. ती आतून हात हलवायची.

मी तिच्या व्हरांड्यावर भांडं ठेवून पाय उचलला, तोच दार उघडलं.

“चोरासारखा काय पळतोस रे, नॉर्म?”

“तुला त्रास नको म्हटलं.”

“त्रास,” ती म्हणाली. केस एका बाजूला चपटे झाले होते, बसल्या बसल्या झोपलेल्या माणसासारखे. “पाणी किती आहे?”

“तळ्यातल्या जुन्या खांबांपर्यंत. पण उतरतंय. अजून तीन आठवडे टिकेल.”

“त्या खांबांपाशीच पोहायला शिकले मी. बापानं ढकललं होतं.” तिनं माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. “आता पुन्हा भरेल तेव्हा मी सत्त्याहत्तरची. असले तर.”

“चल की मग. आत्ता नेतो गाडीतून.”

“आणि क्लेमपाशी कोण?”

मी तोंड उघडलं. आतून “बरं” असा आवाज आला. क्लेमचाच, पण ओला, दबलेला, पाण्याखालून आल्यासारखा. त्याचं वाकडं तोंड मी एकदाच, मैदानावर, लांबून पाहिलं होतं. तीस वर्षं ज्यानं माझ्याबरोबर तारा ओढल्या, त्याला घास भरवायचा?

“कुणाला तरी सांगतो,” मी म्हणालो.

तिनं माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाली तेच वाक्य, पण पहिल्यांदाच अर्धवट. “आमचं बरं चाललंय,” एवढंच. दार लागलं.

संध्याकाळी पबमध्ये मी विषय काढला.

“तिनं सांगायचं ना मग!” डेसी म्हणाला. “आम्ही काय नाही म्हटलं असतं?”

“तू जातोस उद्या?”

“उद्या लोकर कापायची आहे. शिवाय मला आजारपणातलं काही कळत नाही. दोन पट्ट्या घेतल्यात मी, दोन!”

टॅमिनचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. “बिचारी ग्वेंडा. आपण तिच्यासाठी वेगळी काढू या का? जांभळी?”

कुणीतरी म्हणालं, जांभळी चांगली दिसेल. मला हसू आलं, आणि लगेच गिळावं लागलं; कारण जांभळी निघाली असती तर मीही घेतली असती. पुढचे बारा दिवस मी काय केलं? कुंपणं बघितली. आणि रोज तळ्यावर जाऊन पाणी खांबांपासून किती मागं गेलं ते पावलांनी मोजलं. पाच पावलं. अकरा पावलं. वीस. काठाला मीठ पुन्हा पांढरं व्हायला लागलं.

तेराव्या दिवशी मंगळवार होता. मी हत्यारांची पेटी घेतली आणि मागून गेलो. जाळीचं दार ओढलं. ते बाहेर उघडतं, त्याचा खडखडाट झाला. आतलं दार ढकललं, तर चार बोटांवर धडकलं. फटीतून क्लेमचा सुरकुतलेला कान दिसला.

“कोण आहे?” ग्वेंडा आतून ओरडली.

“मी. नॉर्म.”

“पुढून ये. इथून नाही येता येत.”

“मी काय विमा विकायला आलोय?”

पण जावं लागलं पुढूनच. आत गेलो. क्लेमकडे नीट बघितलं. तोंड वाकडं होतं, डोळे मात्र जुनेच, कामचुकार पोराला पकडल्यासारखे. म्हणाला, “बरं.” याचा अर्थ मलासुद्धा कळला.

“काय करतोयस?” ग्वेंडानं विचारलं. मी पेटी उघडली होती.

“खुर्ची हलत नाही. दार हलतं.” बिजागऱ्यांवर साठ वर्षांचे रंग चढले होते. मनगटातली हिरवी पट्टी स्क्रूच्या डोक्यात अडकायला लागली, तेव्हा काढून पेटीत टाकली. वरची बिजागरी निघाली, खालची हट्टाला पेटली. क्लेमनं डाव्या हातानं दाराची कड धरली. वजन त्यानं किती पेललं कुणास ठाऊक, पण धरली. दार सुटलं तसं ते मी बाहेर नेऊन पाण्याच्या टाकीला टेकवलं. उंबऱ्यावर फक्त जाळीचं दार राहिलं. वारा आत आला, आणि खुर्चीला वळसा घालून एक माणूस आडवं होऊन जाईल एवढी वाट झाली.

“हिवाळ्यात काय करू मी?” ती म्हणाली.

“हिवाळ्यात बसवून देईन. बाहेर उघडणारं. ग्वेंडा, ऊठ. कुंपण बघून ये.”

ती उभीच राहिली. मला वाटलं, आता ते वाक्य येणार. तिचे ओठ हललेही. मग तिनं खुंटीवरची टोपी घेतली, पुन्हा ठेवली, पुन्हा घेतली. अकराला कूस बदल, उशी डाव्या बगलेत. चहा पातळ नको, डब्यातली पावडर घालून घट्ट कर. ‘बरं’ दोनदा म्हणाला तर लघवी. हे सगळं तिनं मला तीनदा सांगितलं.

“पाणी थोडंच उरलंय,” मी म्हणालो. “खांबांच्या बरंच आत जावं लागेल.”

“चालेन.”

“गाडी घे माझी.”

“चालेन म्हटलं ना.”

जाळीचं दार वाजलं. टाकीला टेकवलेल्या दाराकडे तिनं एकदा पाहिलं. फाटकाशी गेली आणि कडीवर हात ठेवून थांबली, इतका वेळ की मला वाटलं, वळणार. दीड वर्षाची दोरी होती ती, मलाही ताणलेली दिसत होती. मागं न बघता तिनं विचारलं, “झोपला का तो?”

“नाही. बघतोय तुझ्याकडे.”

मग कडी उघडली. ती तळ्याच्या रस्त्याला लागली. आधी धावत दुकानात जायची तशी भरभर, मग हळू, मग आणखी हळू. तिचा हिरवा कोट मेंढ्यांच्या कुरणाच्या कडेनं लहान होत गेला. मी चहा घट्ट केला, क्लेमच्या ओठाशी चमचा नेला, आणि जाळीतून आम्ही दोघं बघत राहिलो, ती वळणापलीकडे जाईपर्यंत, आणि गेल्यावरही.