‘नळ आलाच पाहिजे’... माझं बाकीचं बोलणं कुणी कापलं?

आणि वरून पोस्टमधी लिहितात, "आम्ही रेडिओवर कधीच कुणाची बाजू घेतली नाही"... साहेब, आमच्या गावातले लोक बी मोबाईल पाहतात, एवढं तरी ध्यानात ठेवायचं होतं. तुमच्या फोटोखाली लोकांनी फुलं टाकली, हात जोडले. मी फूल टाकणार न्हाई. मला इचारायचं आहे.

वाचणाऱ्यांना सांगते. हे साहेब रेडिओवर गावोगावच्या लोकांचं बोलणं ऐकवायचे. आमी सेनगावकडचे. मी चवथी शिकलेली, लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या.

मी लग्न होऊन आले तवा, नव्वदच्या आसपास, रेडिओवर लोकांची पत्रं वाचायचे. इलेक्शन लागलं की रस्त्यापाण्याचं पत्र सुदिक बाजूला ठेवायचे, उगं कुणाला लागू नये म्हणून. ऐकून जीव कंटाळायचा. पण रेडिओत सांगितलं म्हणलं की वाद मिटायचा... भरोसा होता.

दोन हजारनंतर हवा बदलली. फोन लावा, बोला, भांडा! साहेब मधी मधी हसायचे, "असं का मावशी? मग तुमचे सरपंच काय म्हणतात?" असं टोचायचे. आमाला बी ते गोड लागायचं, खोटं काहून बोलू. आणि "दोन्ही बाजू, दोन्ही बाजू" हे त्यांच्या तोंडात सारखं.

त्याच दिवसात आमच्या गावात ग्रामपंचायतीचं इलेक्शन लागलं. माझे मोठे दीर उभे राहिले, निशाणी कपबशी. समोरच्याची निशाणी नळ. आणि साहेब टेप घेऊन गावात आले... कुणाच्या जीपमधून? नळवाल्याच्या! मी तवाच माझ्या मोठ्या जाऊबाईला म्हणले, "बाई, हे बराबर दिसून न्हाई राहिलं."

आमी बाया हापशीवर पाणी भरत होतो, जाऊबाई तेवढ्या घरी होत्या. साहेबांनी माईक नेमका माझ्याच तोंडापुढं धरला. मी म्हणले, "हापशी हाणू हाणू खांदे गेले. गल्लीत नळ बसवला, त्याला थेंब न्हाई. निवडून कोणी बी या, आमाला नळ आलाच पाहिजे!"

आता आमच्याकडं पाणी आलं की "नळ आला" असंच म्हणतात. तुमच्याकडं बी तेच म्हणत असतील. यात राजकारण कुठं आहे?

प्रोग्राम लागला त्या दिवशी सगळं गाव पारावर रेडिओला कान लावून बसलं. माझा आवाज आला... "आमाला नळ आलाच पाहिजे!" बस. लगेच गाणं सुरू. हापशी गेली, थेंब गेला, "कोणी बी या" ते बी गेलं.

नळवाल्यांनी टाळ्या पिटल्या. एकजण ओरडला, "घ्या! कपबशीला घरातूनच तडा गेला!" जाऊबाई उठल्या आणि चालायला लागल्या. मी मागं पळाले तर म्हणल्या, "काय मिळालं गं पारू? पैठणी का पाटल्या?"

मी दुसऱ्याच दिवशी सेनगावला जाऊन एसटीडीवरून रेडिओला फोन लावला. म्हणले, साहेब, माझं नळाचं बोलणं तुमी अर्धंच... तर मधीच म्हणाले, "ताई, आचारसंहिता आहे. निवडणूक चिन्हाचं नाव घेता येत नाही." फोन कट.

आं? काल माझ्या तोंडचा नळ चालला, आज चालंना? दोन्ही बाजू म्हणता, मंग निदान एखाद्या हॉटेलवाल्याला कपबशी धुताना तरी ऐकवायचं!

इलेक्शन झालं. नळ निवडून आला... नळ काही आला न्हाई.

दीर थोडक्यात पडले. तवापासून जाऊबाईनं माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. घराला घर लागून, मधी एकच भिंत. माझ्या लेकीच्या हळदीला आल्या न्हाईत. माझं ऑपरेशन झालं तवा दारातूनच पाहून गेल्या... मी हाक मारली, तरी आत आल्या न्हाईत.

आणि परवा साहेबांची ही पोस्ट आली. संध्याकाळी मी भाकरी टाकून राहिले होते, तर भिंतीपलीकडून आवाज आला. "पारू... त्या रेडिओवाल्याचं वाचलंस का?" मी भाकर तशीच सोडून भिंतीजवळ गेले. म्हणले, "व्हय बाई, वाचलं."

म्हणल्या, "तू म्हणतीस तुझं बोलणं कापलं. म्या मानलं न्हाई. आता तो मोबाईलमधी सापडलाच हाय, तर त्याच्याकडूनच लिहून आण. नातीचं लगीन ठरलंय, शुक्रवारी सुपारी फुटायची हाय. तुला हाक मारू का नको, तेवढं कळू दे मला."

तर साहेब, मला शक तुमच्यावरच आहे, लपवत न्हाई. टेप संपली असंल, वरून कुणी सांगितलं असंल, न्हाईतर जीपवाल्यानं जेवणावर बसवून सांगितलं असंल... जे असंल ते लिहा. मला माफी नको. मी काय बोलले ते पूर्ण लिहा, आणि कात्री कुणाची ते लिहा.

"जुनं आठवत नाही" म्हणू नका. पहिल्या प्रोग्रामाला कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता ते तुमाला आठवतं, पोस्टमधी लिहिलंय तुमीच.

बाकीच्यांनी मधी फुलं टाकू नका, त्यांचं उत्तर खाली दबून जातं.

शुक्रवारी सुपारी आहे. मला गुरुवारी दिवस मावळायच्या आत उत्तर पाहिजे. इथंच, सगळ्यांसमोर... जाऊबाई बी वाचणार आहेत.