आहेराला कुंकवाचं बोट

अलिबागला बँकेच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. अंबाड्यात अबोलीची वेणी, पायाशी रिकामी पाटी. मासळी विकून थेट बँकेतच आली होती. जर्मनीत नर्स असलेल्या लेकीला मुलगा झाल्याचं तिचं रांगेत प्रत्येकाला सांगून झालं होतं. मला तर दोनदा. आता बारशाचा आहेर पाठवायचा होता.

"मावशी, शंभर युरो टाकू?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"एकशेएक. आहेर हाय तो!"

"लेक चांगली कमावते की. कशाला पाठवताय?"

"तिची कमाई तिच्या घरची, बाय. बाळाला पयलं झबलं आजोळचंच लागतं."

मुलगी शेवटचं बटण दाबणार, एवढ्यात मावशीने कमरेची पिशवी उघडून कुंकवाची पुडी काढली.

"थांब गो! कुंकू लावल्याबिगर आहेर देत न्हायत. पाकीट न्हाय, नोटा न्हाय, मग बोट लावू कुठं?"

मुलीने हसून कीबोर्डच पुढे सरकवला. मावशीने त्या शेवटच्या बटणाला ठसठशीत बोट लावलं, हात जोडले. मुलीने बटण दाबलं.

"पोचलं?"

"निघालं, मावशी. पोचेल दोन-तीन दिवसांत."

"पोचू दे सावकाश. कुंकू लागलंय, आता चुकायचं न्हाय."

अख्खी रांग हसली. बँकेत कायम वैतागलेला असणारा मीसुद्धा.

माझा नंबर आला. मुलीने पासबुक भरून परत दिलं, तर माझ्या जेमतेम शिलकीशेजारी तिचं लाल बोट उमटलेलं. तेवढीच शिल्लक, पण एकदम आहेरासारखी दिसायला लागली.